डावी बाजू

आजीने लहानपणी लावलेल्या सवयींपैकी एक अजून सुटलेली नाही. सकाळी जाग आली की अंथरुणातच दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरायचे, ‘कराग्रे वसते लक्ष्मी’ म्हणायचे आणि मगच जमिनीला पाय लावायचा. चौदाव्या वर्षी मात्र माझ्या हातांनी या क्रमात आपली एक पायरी घुसवली. तळहात डोळ्यांसमोर येण्याआधी चेहऱ्यावर जाऊ लागले. डोळे मिटलेलेच असत आणि बोटांची टोके कपाळापासून सुरुवात करून भुवयांच्या मधून, नाकाच्या कडेने, गालावरून हनुवटीपर्यंत सावकाश खाली उतरत. रात्रीतून नवीन कोठे आले आहे, कालचे दुखरे आता पिकले आहे का, जबड्याच्या हाडापाशी आतल्या आत ठसठसणारी गाठ वर आली का, हा सगळा हिशेब आरशाच्या आधी बोटांना लागत असे. हिशेब बरा निघाला तर दिवस बरा जाई. वाईट निघाला तर मी पुन्हा पांघरूण ओढून घेई आणि शाळा बुडवण्यासाठी आईला पटेल असे कोणते दुखणे आज सांगावे, याचा विचार करत पडून राही.

मुरमांविषयी बोलताना माणसे त्वचेविषयी बोलतात. मला त्या सकाळच्या हिशेबाविषयी लिहायचे आहे. माझे वय आता चाळिशीला टेकले आहे, मुरूम केव्हाच गेले, डाव्या गालावर थोडे खड्डे राहिले आहेत. बोटे मात्र अजूनही सकाळी कपाळापासून निघतात.

या दुखण्याला आपल्या भाषेत जी नावे आहेत, ती मी पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिली आहेत. ‘तारुण्यपिटिका’ हे पुस्तकी नाव सगळा दोष वयावर टाकून मोकळे होते. वय सरले की आपोआप जाईल, मग त्यात डॉक्टरकडे जाण्यासारखे काय आहे, असा दिलासा त्या शब्दातच बसलेला आहे आणि त्याच दिलाशाने आमच्यासारख्यांची उपचारांची कितीतरी वर्षे खाल्ली. सुश्रुतसंहितेतले नाव आहे ‘मुखदूषिका’, म्हणजे तोंड बिघडवणारी. तेथे या पुळ्यांची तुलना शाल्मलीच्या, आपल्या काटेसावरीच्या काट्यांशी केली आहे. माघ-फाल्गुनात त्र्यंबक रस्त्याने गेले की पाने झडलेली आणि लाल फुलांनी भरलेली काटेसावर दिसते. तिच्या कोवळ्या खोडावरचे काटे जवळून पाहावेत, बुडाशी रुंद आणि टोकाशी अणकुचीदार, म्हणजे ज्याने ही उपमा दिली त्याने किती लक्षपूर्वक चेहरे पाहिले असतील ते कळते. उपमा अचूक आहे, पण नाव मात्र निवाडा देणारे आहे.

रोजच्या बोलण्यातला शब्द मात्र ‘मुरूम’. तोच शब्द रस्त्यावर पसरायच्या तांबड्या खड्यांनाही आहे. २००३ च्या सिंहस्थाआधी नाशिकमधले रस्ते जागोजागी उकरलेले होते, कडेला मुरमाचे ढीग पडलेले असत. मी तेव्हा बारावीत होते. कॉलेजच्या पार्किंगमध्ये स्कूटी लावत असताना मागून आवाज आला, “अरे, इथेपण मुरूम टाकलाय. डांबर कधी पडणार?” तिघे होते. हसले दोघेच. तिसऱ्याने मान खाली घातली, ते मला अजून दिसते, परंतु त्याच्या मान खाली घालण्याचा मला त्या दिवशी काहीही उपयोग झाला नाही. मी वर्गात न जाता तशीच घरी परतले. आजही रस्त्याचे काम चालू असले आणि मुरमाचा ढीग दिसला की पोटात काहीतरी खाली जाते, आणि हे मी इतक्या वर्षांत कोणालाही सांगितलेले नाही.

त्या वयात मला कोणीतरी शांतपणे बसवून सांगायला हवे होते की हे घाणीमुळे होत नाही. वयात येताना अँड्रोजन संप्रेरके वाढतात, त्यामुळे केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून ते बुजते, आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा आपल्या सर्वांच्याच त्वचेवर राहणारा जिवाणू पोसला जातो आणि शरीर त्याच्याशी झुंजते, त्यातून ती लाल, दुखरी सूज येते. आईवडिलांना मुरूम झाले असतील तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. काही मुलींमध्ये पीसीओएससारखे, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाचे, कारण मागे असते. यातले एकही कारण साबणाने धुऊन जाणारे नाही. मी मात्र दिवसातून सहा-सात वेळा तोंड धूत असे, चेहरा करकरीत कोरडा होऊन ओढला जाईपर्यंत धूत असे, कारण माझ्याकडे पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार ‘ही स्वच्छ राहत नाही’ हाच येत असणार, याची मला खात्री होती. तसे कोणी कधी म्हणाले नव्हते. “चेहरा धुतेस ना नीट?” एवढेच विचारत.

विचारणारे पुष्कळ होते आणि त्यांत दुष्ट कोणीही नव्हते, हे मी मनापासून लिहिते. आत्याने सहाण आणि जायफळ आणून दिले आणि दुधात उगाळून रात्री लावायला सांगितले. शेजारच्या काकूंनी मुलतानी माती दिली, मामींनी कडुलिंबाचा पाला वाटून दिला, कोणी रक्तशुद्धीचे कडू काढे सुचवले, कोणी धने-जिऱ्याचे पाणी. पोट साफ नसेल, अंगात उष्णता असेल, रात्री जागत असेल, तेलकट खात असेल, असे निदान प्रत्येकाने आपापल्या परीने केले आणि त्यातून रविवारची मिसळ आमच्या घरी माझ्यापुरती बंद झाली. आहाराचा संबंध अगदीच नाही असे नाही. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ आणि काही जणांच्या बाबतीत दूध यांच्याशी मुरमांचे नाते असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. तर्रीशी ते असल्याचे मी कोठे वाचलेले नाही. पण मिसळ बंद झाल्याचे दुःख चवीचे नव्हते. टेबलाभोवती सगळे खात असताना मी पोहे खात बसे, आणि त्या पोह्यांच्या बशीमुळे जे झाले आहे ते माझ्याच कशामुळे तरी झाले आहे, ही गोष्ट दर आठवड्याला सगळ्यांसमोर नव्याने मांडली जाई.

एक प्रसंग बारीकसा आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईबरोबर एका घरी गेले होते. वाण द्यायला त्या घरच्या बाई ओळीने पुढे येत होत्या. माझ्यासमोर आल्यावर त्यांनी कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवले, हात वर आणला आणि कपाळापासून वीतभर अंतरावर तो थांबला. कपाळावर मधोमध एक मोठी पिकलेली पुळी होती. बोट कोठे टेकवावे, माझे दुखेल का, की आपल्याला काही लागेल, यातले काय त्यांच्या मनात आले मला माहीत नाही. निमिषभरच थांबला असेल. मग त्यांनी भुवईच्या जरा बाजूला, बोट जेमतेम लागेल असे कुंकू टेकवले आणि तिळगूळ हातावर ठेवून पुढे सरकल्या. त्या फार प्रेमळ बाई होत्या. पण कुंकू लावताना थांबलेले ते बोट मला त्या तिघा मुलांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागले. टोमणा मारणाऱ्याचा राग तरी करता येतो. थांबलेल्या बोटाचे काय करायचे?

त्यानंतर मी हळदीकुंकवाला जाणे सोडले. वक्तृत्व स्पर्धांमध्ये शाळेत मला बक्षिसे मिळत, अकरावीपासून मी एकाही स्पर्धेत नाव दिले नाही, कारण व्यासपीठावरचा दिवा वरून पडतो आणि वरून पडणाऱ्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. उजेडाचे असे ज्ञान मला फार लवकर झाले होते. घरातल्या लोखंडी कपाटाचा आरसा माझ्या बाजूचा होता, कारण त्या खोलीत खिडकी लहान होती. न्हाणीघरातला ट्यूबलाइटखालचा आरसा शत्रुपक्षातला. मेन रोडवरच्या कोणत्या दुकानाच्या खांबावर आरसा लावलेला आहे आणि तेथून जाताना मान कोणत्या बाजूला वळवायची, हे मला पाठ होते.

आणि बाजूचे म्हणाल तर माझा डावा गाल उजव्यापेक्षा जास्त खराब होता. त्यामुळे माझ्या शहराला एकच नियम होता, डावी बाजू भिंतीकडे. वर्गात डावीकडच्या भिंतीला लागून असलेला बाक, शहर बसमध्ये डावीकडची खिडकी, हॉटेलात गेले तर कोपऱ्यातली खुर्ची, मैत्रिणीबरोबर गोदाघाटावर फिरताना मैत्रीण उजवीकडे. ती जागा कोणी आधीच घेतलेली असली की तासभर काय शिकवले, काय बोलणे झाले, यातले काही डोक्यात शिरत नसे, कारण सगळे लक्ष डाव्या गालावर पडलेल्या नजरा मोजण्यात जाई. मावसबहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी चौदा फोटोंत आहे आणि चौदाही फोटोंत माझी फक्त उजवी बाजू आहे. हे मी कोणाच्या नजरेस येऊ न देता करत होते आणि त्यात माझी किती शक्ती जात होती, हे मला खूप नंतर, ती शक्ती मोकळी झाल्यावर कळले.

मग स्कार्फ. नाशिकमध्ये दुपारी गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या सिग्नलला उभे राहावे, डोळे सोडून काहीही दिसणार नाही अशा बेताने चेहरा बांधलेल्या मुलींची रांग दुचाक्यांवर दिसते. धूळ, ऊन, धूर यांपासून बचावासाठी सगळ्याच बांधतात, त्यामुळे कोणी का म्हणून विचारत नाही. माझ्यासाठी ते या शहराने दिलेले वरदान होते. सुती स्कार्फ डोक्यावरून घ्यायचा, एक टोक नाकावरून ओढून न्यायचे, मानेमागे गाठ मारायची. आणि मग सीबीएस बसस्थानकापासून कॉलेजपर्यंतची वीस मिनिटे मी इतर कोणाही मुलीसारखी असे. सिग्नलला कोणी बघितले तरी चालत असे, मी परत बघू शकत असे. कठीण असे ते गाठ सोडणे. पार्किंगमध्ये मी उगाच डिकी उघडे, पुस्तके पुन्हा लावे, सगळ्या जाईपर्यंत थांबे आणि शेवटी गाठ सोडे. एप्रिल-मे महिन्यांत त्या कापडाखाली घाम साचून, घासून मुरूम आणखी वाढत, हे मला समजत होते. तरीही स्कार्फ सुटला नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या गावाचे नाव नासिकेवरून पडले अशी कथा आहे. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले ते येथे, पंचवटीच्या परिसरात, असे मानतात आणि तपोवनात त्या प्रसंगाचे शिल्पही आहे. शाळेच्या सहलीत ते पाहून आम्ही सगळ्या हसलो होतो. त्या कथेतल्या न्यायान्यायाविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. पण सतराव्या वर्षी एकदा तपोवनात गेले असताना त्या शिल्पासमोर मी बराच वेळ उभी राहिले, आणि शिक्षा द्यायची तर तोंडालाच द्यायची हे माणसांना किती आधीपासून सुचत आले आहे, असे मनात आले. आपली भाषाही तेच सांगते. अब्रू गेली की नाक कापले जाते, अपराध घडला की तोंड काळे होते, लाज वाटली की तोंड दाखवायला जागा उरत नाही. ज्या मुलीने काहीही केलेले नाही, तिचा चेहरा बिघडला की हे सगळे वाक्प्रचार आतल्या आत तिच्यावर काम करू लागतात. मी कोणता अपराध केला आहे, याचा शोध मी खरोखर घेत असे.

आणखी एक गोष्ट, जी सांगायला सर्वांत जड जाते. न्हाणीघराची कडी लावून मी आरशासमोर उभी राहत असे आणि नखांनी पुळ्या फोडत असे. दोनच मिनिटे, असे ठरवून सुरुवात होई आणि आई दार वाजवीपर्यंत अर्धा तास गेलेला असे. त्या अर्ध्या तासात मन विलक्षण शांत असे, जणू काहीतरी निस्तरले जात आहे. आणि बाहेर येताना तोंड रक्ताळलेले आणि सुजलेले असे, त्याहून मन. आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत सूज ओसरल्यावरही काळसर डाग कित्येक महिने राहतात आणि फोडल्याने ते अधिक गडद होतात, खड्डेही पडतात. या फोडत राहण्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, त्यावर मानसोपचार आहेत आणि हे करणारी मी एकटी नव्हते, एवढे जरी तेव्हा कळले असते तरी त्या बंद दाराआडची लाज निम्मी झाली असती.

पुढे वाचनातून कळले की वैद्यकाला हे फार पूर्वीपासून माहीत होते. मॅरियन सल्झबर्गर या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने एका सहकारी डॉक्टरबरोबर १९४८ मध्येच लिहून ठेवले होते की मुरमांइतका मानसिक आघात, न्यूनगंड आणि दुःख देणारा दुसरा एखादा आजार क्वचितच असेल. १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात मुरमांच्या रुग्णांनी सांगितलेला सामाजिक आणि भावनिक त्रास दमा, अपस्मार, मधुमेह, पाठदुखी आणि संधिवात यांच्या रुग्णांनी सांगितलेल्या त्रासाएवढा निघाला. २०१८ मध्ये तेथीलच वैद्यकीय नोंदींवरून असे दिसले की मुरमांचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात नैराश्याचा धोका इतरांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी अधिक असतो. आणि ऑस्लोमधल्या १८-१९ वर्षांच्या मुलामुलींच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांना खूपच मुरूम होते अशांपैकी जवळजवळ चौघांमागे एकाने जीव नकोसा झाल्याचे विचार मनात येतात, असे सांगितले होते. ही शेवटची ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. “एवढ्याशा पुळीचं काय घेऊन बसलीस?” असे जे घरोघरी म्हटले जाते, ते म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ वाचून दाखवावी, असे मला फार वाटते. ज्याच्या मनात असे विचार येत असतील त्याने ते लगेच कोणाला तरी सांगावेत, आणि ज्याला सांगितले जाईल त्याने पुळीकडे न पाहता माणसाकडे पाहावे.

माझ्या बाबतीत उपचार सुरू झाले ते या दुःखामुळे नव्हे, स्थळे पाहायला सुरुवात झाली म्हणून. मधल्या काळात औषधांच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली एक ट्यूब मी दीड वर्ष लावत होते. चार दिवसांत चेहरा नितळ झाला होता आणि मी देवापुढे साखर ठेवली होती. त्यात तीव्र स्टेरॉइड होते. हळूहळू त्वचा पातळ आणि लाल झाली, उन्हात गेले की भाजल्यासारखी आग होऊ लागली, गालांवर लव वाढली, आणि ट्यूब थांबवली की मुरूम दुपटीने उसळू लागले, म्हणून ती थांबवताही येईना. अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केला, त्यामागे देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांची बरीच वर्षांची धडपड होती. २००९ मध्ये स्थळांना पाठवायचा फोटो काढायला गेलो. तयार होऊन आला तेव्हा स्टुडिओवाल्याने माझे गाल इतके गुळगुळीत करून ठेवले होते की फोटो पाहून आई रडली. “हा पाठवायचा आणि मग मुलगा घरी आल्यावर काय सांगायचं?” असे ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही कॅनडा कॉर्नरच्या बाजूला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

त्यांनी चेहरा पाहिला, पाठ पाहिली, ट्यूबचे नाव विचारून घेतले. मग पेन खाली ठेवून त्यांनी मला विचारले, “गेल्या आठवड्यात चेहऱ्यामुळे कुठे जायचं टाळलंस का?” आजपर्यंत मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. नंतर समजले की त्वचारोगाचा आयुष्यावर किती भार पडतो ते मोजण्यासाठी १९९४ मध्ये कार्डिफमध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, लाज वाटली का, कपडे निवडताना फरक पडला का, कामात किंवा अभ्यासात अडथळा आला का, असे तिच्यातले प्रश्न गेल्या एका आठवड्याविषयी असतात, आणि डॉक्टर मला बोलता बोलता तेच विचारत होत्या. मी सांगायला सुरुवात केली. चुलतभावाच्या साखरपुड्याच्या दिवशी मला ताप नव्हता. बी.ए.ला असताना सहलीला नाव दिले नाही ते पैशांसाठी नव्हे. मंगळवारी पाहुणे आले तेव्हा मी झोपले नव्हते, दिवा मालवून खोलीत बसले होते. डॉक्टरांनी एका आठवड्याचे विचारले होते आणि मी नऊ वर्षांचे सांगत होते. आई शेजारच्या खुर्चीवर होती. तिने एकदाही मध्ये बोलण्याचा प्रयत्न केला नाही. परत येताना रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला आणि पंडित कॉलनी ओलांडल्यावर एवढेच म्हणाली, “मला खरंच वाटायचं, तुला कुठे जायला आवडत नाही.”

औषध आयसोट्रेटिनॉइन होते. १९८२ पासून वापरात असलेले हे औषध तीव्र मुरमांवर फार परिणामकारक आहे आणि त्याच्या अटीही तशाच कडक आहेत. ते चालू असताना आणि बंद केल्यानंतर महिनाभर गर्भ राहता कामा नये, कारण बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. यकृताच्या आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या कराव्या लागतात. ओठ फुटतात, त्वचा कोरडी पडते. मनःस्थितीवर लक्ष ठेवा, असेही डॉक्टरांनी आईला बजावले. या औषधाने नैराश्य येते का, यावर बरीच चर्चा झालेली आहे. अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत सरसकट असा वाढीव धोका दिसलेला नाही, आणि मुरूमच मन खचवत असल्यामुळे कशाचा परिणाम कोणता हे वेगळे काढणे सोपे नसते. तरी एखाद्याच्या बाबतीत बदल होऊ शकतो म्हणून घरच्यांनी डोळे उघडे ठेवावेत, हे मला योग्य वाटते. नातेवाइकांत सल्ले सुरू झाले की औषधाचे बाहेर कळता कामा नये, मुलीत काहीतरी आहे असे लोक म्हणतील. बाबांनी सगळी स्थळे आठ महिन्यांसाठी थांबवली. “आधी तिला बरं वाटू दे,” एवढे एकच वाक्य ते प्रत्येकाला सांगत राहिले.

मला बरे वाटले. चेहरा सहाव्या महिन्यात स्वच्छ झाला. मन मात्र तसे झाले नाही, आणि याची कल्पना मला कोणीही दिलेली नव्हती. “किती छान दिसतेस आता!” असे कोणी म्हणाले की मला त्यातला ‘आता’ ऐकू येई. नवरा चांगला माणूस मिळाला, तरी त्याच्या उजवीकडे झोपायला मला दोन वर्षे लागली. नोकरी लागली, मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागले, साठ मुलांसमोर रोज उभी राहू लागले, आणि तरीही फळ्यावर लिहून वळताना आधी उजवी बाजू वळते हे माझ्या लक्षात येत असे. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा लोक गुदमरत होते आणि मला मात्र जुनी, ओळखीची सुटका मिळाल्यासारखे वाटले. दहा वर्षे नितळ राहिलेल्या चेहऱ्यावर. त्याच वर्षी ऑनलाइन तासाला जी मुले कॅमेरा चालू करत नसत, त्यांना मी कधीही रागावले नाही.

माझ्या बहिणीची मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी दिवाळीला ती आमच्या घरी आली तेव्हा स्कार्फची गाठ सोडायला तिला जो वेळ लागला, त्यावरून मी ओळखले. मी काही बोलले नाही. चेहऱ्याबद्दल पहिला शब्द बाहेरच्याने काढू नये, असे माझे ठाम मत आहे. ज्याचा चेहरा आहे त्याला तो रोज दिसतोच. तिच्या पिढीचे दुखणे आमच्यापेक्षा एका बाबतीत अवघड आहे. आमचा आरसा निदान खरे बोलत असे. तिच्या फोनमधला कॅमेरा तिला तिचाच डाग नसलेला चेहरा दाखवतो आणि मग न्हाणीघरातल्या आरशात दुसरीच कोणीतरी उभी असते. तीन आठवड्यांनी तिनेच फोन करून विचारले, “मावशी, तू कोणत्या डॉक्टरकडे गेली होतीस?”

तिला साधे उपचार पुरले, रात्री लावायचे ॲडापॅलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, सुरुवातीला त्वचा सोलते, आणि बहुतेक मुले याच टप्प्यावर कंटाळून सोडून देतात, हे डॉक्टरांनी तिला आधीच सांगितले होते, त्यामुळे ती टिकली. बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो. बहिणीकडे गेले तेव्हा गॅलरीतल्या दोरीवर निळा अभ्रा वाळत होता आणि त्यावर गालाच्या आकाराचे पांढरे ठिपके पडलेले होते. “नवा कोरा अभ्रा बघ कसा केला,” असे बहीण म्हणू लागली. मी तिला खुणेने थांबवले आणि दुसऱ्या दिवशी चार पांढरे अभ्रे घेऊन गेले.

परवा रविवारी मी आणि भाची दोघीच मखमलाबादच्या बाजूला मिसळ खायला गेलो. बाहेर झाडाखाली टेबले मांडलेली होती, आत एका भिंतीला लागून एकच टेबल रिकामे होते. आम्ही आत गेलो. मी सवयीने खुर्ची ओढून बसले, तिने समोर बसून स्कार्फ सोडला आणि मांडीवर घडी करून ठेवला. मिसळ आली, पाव आले. तिने लिंबू पिळले, तर्री घेतली, आणि मग चमचा तसाच हातात धरून ती माझ्याकडे, माझ्या बाजूच्या भिंतीकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघत राहिली.

“मावशी,” ती म्हणाली, “तुझी डावी होती ना?”

मी होकारार्थी मान हलवली.

“माझी उजवी आहे,” ती म्हणाली आणि पावाचा तुकडा मोडून खाऊ लागली.